अकरा ओळींचं कारण

टोमासचं पत्र बाबांच्या नावानं आलं होतं. बाबा फेब्रुवारीत गेले आणि हे पत्र मे महिन्यात आलं, २००७ सालच्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन, पाहुणे जाऊन बरेच दिवस झाले होते. मी नागपूरहून दोन आठवड्यांची रजा काढून गोंडपिपरीला आले होते ती उरलेली कामं आवरायला. टेलिफोन आईच्या नावावर करायचा होता, मोटारसायकल कुणाला तरी द्यायची होती, कपाटातले कागद पाहायचे होते. बाबांचं ई-मेलचं खातं बंद करायचं म्हणून उघडलं, तर सगळ्यात वर हे पत्र.

'प्रिय गुलाब, मार्चपासून हे तिसरं पत्र. दोन वर्षांपूर्वी तुम्ही पाठवलेल्या दुरुस्तीतल्या अकरा ओळी कशासाठी आहेत, हे आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. तुमच्या वर्णनात एवढंच आहे: आवश्यक ती दुरुस्ती केली आहे. पंचवीस मेला नवी आवृत्ती निघेल. तोवर कारण कळलं नाही, तर त्या ओळी काढाव्या लागतील.'

'आवश्यक ती दुरुस्ती केली आहे.' सरकारी फायलीतलं वाक्य, जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलेलं. मी ते तीन-चारदा वाचलं. बाबांचा आवाज त्यात होता आणि त्या वाक्याचा मला रागही आला.

बाबा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. निवृत्त झाल्यावर ते गावातल्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागले, बारावीच्या पोरींच्या शेजारी बसून. पोरी त्यांना 'आजोबा, एंटर दाबा' म्हणायच्या. वर्षभरात पोरींना ते शिकवू लागले. मग कुठून तरी त्यांना 'ओघ' सापडला. ओघ हा नदीचा प्रोग्राम. वरच्या अंगाच्या घाटांवर रोज पाणी किती आहे ते आकडे त्यात भरायचे, म्हणजे खाली सिरोंच्याच्या बाजूला पाणी केव्हा आणि किती चढेल त्याचा अंदाज तो देतो. तो मोफत आहे, आणि त्याचा कोडही सगळ्यांना उघडा आहे. जगातल्या कुणीही त्यात दुरुस्ती करून पाठवावी, पटली तर टोमास ती घेतो. टोमास झेक देशातल्या ब्रनो गावचा, नद्यांचा अभ्यास करणारा माणूस. दुरुस्तीसोबत वर्णन द्यावं लागतं: काय बदललं आणि का बदललं.

नागपुरात मी ज्या कंपनीत आहे तिथे अशी वर्णनं तपासणं हेच माझं निम्मं काम. 'चूक काढली' एवढंच लिहून पाठवणाऱ्या पोरांना मी त्यांचं काम परत करते. चूक कुठे होती, का होती, काढल्यावर दुसरं काय बिघडू शकतं, आणि काय तपासलेलं नाही, हे सगळं लिहा म्हणते. पोरं मला पाठीमागे हेडबाई म्हणतात. आणि घरात हे.

मी टोमासला उत्तर लिहिलं. माझे वडील वारले आहेत, मी त्यांची मुलगी, मीही हेच काम करते, कारण शोधून कळवते. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. त्याला वाईट वाटलं होतं. ते दोन वाक्यांत लिहून पुढे त्यानं म्हटलं होतं, 'पण तारीख पुढे ढकलता येत नाही. तुमच्याकडचा पाऊस थांबत नाही हे गुलाबनंच मला सांगितलं होतं.'

पंचवीसला नऊ दिवस होते. मला त्या ओळी राहायला हव्या होत्या. बाबांच्या हातचं बाकी जे होतं ते सगळं खात्याच्या कपाटांत होतं, दौऱ्याचे अहवाल आणि रजेचे अर्ज. या अकरा ओळी तेवढ्या कुठेतरी चालत होत्या, रोज.

ओळी साध्या होत्या. एक छोटं कोष्टक, त्यात चार घाटांचे नंबर आणि प्रत्येकासमोर एक वार. त्या घाटावर त्या वारी सकाळी आलेला आकडा प्रोग्राम टाकून देई आणि आदल्या नि दुसऱ्या दिवसाच्या मधला आकडा धरी. बस. कोडमध्ये टीप नाही, शेरा नाही. चार घाट आणि चार वार. पाणी काय वार पाहून वाहतं?

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. भारनियमन दिवसातून आठ तास, कूलर बंद, बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस. कॉम्प्युटर चालू असे तेव्हा कोड पाहायचा, वीज गेली की तोच कागदावर उतरून पाहायचा. धरणाचे दरवाजे ठरलेल्या वारी उघडत असतील? नाही, चारही वार वेगळे होते. पाणी मोजायची पट्टी कुठल्या वारी धुवत असतील? मूर्खासारखं वाटलं. बाबांना वारांचं काही असेल, उपासतापास, असंही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर त्या गोष्टींची चेष्टा केली. मी कधी पलंगावर बसत होते, कधी ओट्यावर, कधी नुसतीच अंगणातल्या टाकीपाशी जाऊन उभी राहत होते.

आई म्हणाली, "साक्षी, तू एका जागी बस नं जराशी. तुह्या पायानं फरशी घासून जाईन."

"सुचत नाही आई."

"मंग तांदूळ निवड."

तिनं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि माझ्या हातातला कागद घेतला. त्यावर मी बाबांच्या वहीतून नंबर जुळवून घाटांची नावं लिहिली होती. आईनं चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं, "चेक पिपरघाट, मंगळवार. चिंतलघाट, शुक्रवार..." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाजारांची यादी कायले करून राह्यली? बाबाच्या कामाचं पाह्यतो म्हनली होती नं?"

"कसली यादी?"

"बाजारांची बाप्पा. पिपरघाटवाले मंगळवारी नदीपल्याड बाजाराले जातेत. चिंतलघाटचा शुक्रवारचा. मी त्या बाजारातून वांगे आनत होती, तू पोटात होती तवा. तुह्या बाबाची बदली होती तिकडं."

मी सूप खाली ठेवलं. कपाटात बाबांनी घाटांच्या नोंदवह्यांच्या हातानं केलेल्या नकला होत्या, निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून उतरलेल्या. चेक पिपरघाटची काढली आणि पावसाळ्याची पानं उघडली. एका ऑगस्टात रविवार ते गुरुवार पाणी सारखं चढत होतं, रोज हातभर. फक्त मंगळवारचा आकडा अगदी सोमवारचाच होता, सेंटिमीटरपर्यंत. पुढच्या मंगळवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. इतर वारी असं कुठेच नव्हतं. चेक पिपरघाटला वैनगंगा दर मंगळवारी थांबत होती.

चार वाजता वीज आली तशी मी लिहायला बसले. 'या चार घाटांवर पाणी पाहणारा माणूस बाजाराच्या दिवशी घाटावर नसतो. तो आदल्या दिवसाचा आकडा पुन्हा भरतो. म्हणून त्या वारचा आकडा वगळावा.' काय, का, कुठे, सगळं तीन ओळींत आलं. पोरांना दाखवावं असं वर्णन. आईला वाचून दाखवलं, तिला इंग्रजी कळत नाही तरी ती हसली. पाठवणार तोच हात थांबला. हे मी वह्यांवरून ताडलेलं होतं, कुणी मला सांगितलं नव्हतं. ताडलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं लिहा, हे मीच पोरांना शिकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांची मोटारसायकल काढली.

चेक पिपरघाटला गेजवाला, म्हणजे पाण्याची पट्टी वाचणारा, कोण हे विचारावं लागलं नाही. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. गाडीचा आवाज ऐकून तो उठलाच.

"गुलाबसाहेबाची गाडी हाये हे," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही साक्षीबाई. मी मुखरू. साहेबाच्या मातीले आलो होतो मी. तुमी मले पाह्यलं नसन, लय गर्दी होती."

मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीचं मला काहीच नीट आठवत नाही.

त्याची बायको सोनीबाई तेंदूपत्त्याचे पुडे बांधत अंगणात बसली होती. तिनं पाणी दिलं, खाट टाकली. खाली नदी उन्हाळ्यात असते तशी वाळूच्या एका कडेला गेलेली, आणि पाण्यात उभी काळ्या-पांढऱ्या खुणांची पट्टी. मुखरूभाऊ सव्वीस वर्षं रोज त्या पट्टीवरचा आकडा वहीत लिहीत होते, अजूनही रोजंदारीवर. मी येण्याचं कारण सांगितलं. वहीतला मंगळवार दाखवला. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून पाहिली. सोनीबाईचे हात थांबले.

"साहेबाले ठावूक होतं," मुखरूभाऊ म्हणाले.

"केव्हापासून?"

"पैल्या सालापासून. मंगळवारी अचानक आले साहेब, हेच गाडी. मी तं पाहाटेच डोंगा घेऊन पल्याड गेलतो मासोळी इकाले. घरी वही होती. साहेबानं पाह्यली. सोमवारीच मंगळवारचं पानी लिहून ठेवलं होतं मी, आन् बुधवारचंबी." ते आता हसले, दात नसलेलं. "सांजच्याले परत आलो तं साहेब याच खाटेवर. मले म्हनाले, 'मुखरूभाऊ, उद्याचं पानी तुमाले आजच दिसते, तं औंदा धान किती होईन तेबी सांगून द्या.'"

"ह्यायले लाज वाटली होती," सोनीबाई म्हणाली. "दोन दिस जेवले नाई."

"एक दिस," मुखरूभाऊ म्हणाले.

"रागावले नाहीत बाबा?"

"नाई. म्हनाले, बाजार सोडू नका, पोट हाये. ज्या दिवशी पाह्यलं नाई त्या दिवशी खाली सोडा जागा. खोटं नका लिहू. मी सोडली. दोन मंगळवार सोडली. तं हपिसातून मेमो आला. चौकट खाली काऊन? कामावर कसूर. तिसऱ्यांदा कामावरून काढून टाकू म्हून. साहेब गेले भांडाले मोठ्या साहेबासंग. काई झालं नाई. खाली चौकट चालत नाई म्हने, वर पाठवा लागते कागद. मंग साहेब आले नं म्हनाले, भरा मुखरूभाऊ. तुमी भरा. पुढचं मी पाह्यतो."

पुढचं मी पाहतो. कोणत्या वारचा आकडा खोटा, हे बाबांना कळत होतं, बाजाराचे वार ठाऊक होते. बाकी तीन घाटांवरही हेच असणार. निवृत्त होऊन, आजोबा एंटर दाबा ऐकून घेऊन, त्यांनी पुढचं पाहिलं होतं.

"आता हे मला लिहावं लागेल," मी म्हणाले. "कारण लिहिलं नाही तर त्या ओळी काढून टाकतील."

"लिवा नं," मुखरूभाऊ म्हणाले. "बाजाराले गेलो म्हून लिवजा. दारू पिऊन पडलो म्हून नका लिवू."

"काई नाई लिवाचं!" सोनीबाई एकदम उभी राहिली. "तुमाले लिवाले का जाते, बाई? हे तं भोळे हायेत. कागदावर गेलं का ते साहेबाच्या टेबलावर येतेच. आज नाई तं दोन सालानं येईन. मंग पट्टी दुसऱ्याले देतीन. नातीन शिकून राह्यली आश्रमशाळेत, तिचं कोन पाह्यन?"

"परदेशातला आहे तो, सोनीबाई. त्याला तुमचं गावसुद्धा माहीत नाही."

"नंबर हाये नं पट्टीले? नंबर तं माईत हाये."

 नंबर होता. कोष्टकात तोच होता.

तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला. बाबांनी ती दुरुस्ती पाठवण्याआधी मला दाखवली होती आणि मी, कामाच्या गडबडीत, कोड न वाचता नुसतं वर्णन पाहून म्हटलं होतं, बाबा, एका ओळीचं वर्णन चालत नाही, मी पोरांचंसुद्धा घेत नाही. त्यांनी विचारलं होतं, "ते कोन कोन वाचते?" मी म्हटलं, "कुणीही. जगातलं कुणीही, आणि ते कायम राहतं. नंतर पुसता येत नाही." "पुसता येत नाई?" "नाही."  मग म्हणाले, "बरं. मंग राहू दे." मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाला लिहायचा कंटाळा.

निघताना मुखरूभाऊ गाडीपर्यंत आले. "एक सांगाचं राह्यलं बाई. आता मंगळवार नाई. बाजार शनिवारी भरते, गेल्या दिवाळीपासून. पल्याडच्या ग्रामपंचायतीनं बदलला."

"बाबांना सांगितलं होतं?"

"सांगनार होतो. संक्रांतीले येतो म्हनाले होते."

परतताना मी गाडी दोनदा थांबवली, कारण नसताना. म्हणजे येत्या पावसाळ्यात या ओळी मंगळवारचा खरा आकडा टाकून देणार आणि शनिवारचा खोटा ठेवणार. चेक पिपरघाटापुरत्या त्या आता चुकीच्या होत्या. खाली सिरोंच्याकडे त्यावर कुणीतरी विसंबणार. वार बदलून दुरुस्त करता आल्या असत्या, पण मग कारण हवं. कारण लिहिलं की नंबर बोलायला लागणार. आणि ओळी काढून टाकल्या तरी जुन्या आवृत्तीत त्या कायम राहतात, कुणीही उघडून पाहू शकतं. आज त्या नुसत्या चार नंबर आणि चार वार आहेत. मी एकदा लिहिलं की बाजाराच्या दिवशी खोटे आकडे भरले जातात, की त्याच ओळी चार माणसांची यादी होतील. बाबांच्या नावानं.

आज हे नावागावासकट लिहिते आहे, कारण त्या चारही घाटांवर आता माणूस नाही, यंत्र आहे, आणि मुखरूभाऊ मेमोच्या पलीकडे गेले आहेत. तेव्हा तसं नव्हतं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग तू काय करतं?"

"कळत नाही."

"बाबाच्या ओळी राह्यल्या पायजे का त्यायचं काम झालं पायजे?"

मी तिच्यावर ओरडले. आई शांतपणे भांडी घासत राहिली. प्रश्न बरोबर होता म्हणूनच मी ओरडले होते.

पुढचे चार दिवस मी दुसरी दुरुस्ती लिहिली, बाबांच्या ओळींना हात न लावता. तिच्यात वार नाही, घाटाचा नंबर नाही. रिकाम्या जागेला नाव दिलं: 'पाहिलं नाही'. ओघमध्ये तेही भरता येत नव्हतं. रिकामी चौकट दिसली की तो पुढे जातच नसे, बाबांच्या कार्यालयासारखाच. आणि ज्यांना आकडा भरावाच लागतो त्यांच्यासाठी एक तपासणी घातली. बाबांच्या वह्या शेजारी उघड्या ठेवून मी ती चालवून पाहत होते. पहिल्यांदा तिनं सगळा उन्हाळा खोटा ठरवला, कारण उन्हाळ्यात पाणी आठवडाभर एका आकड्यावर राहतंच. दुसऱ्यांदा तिनं चिंतलघाटचा एक खरा मंगळवार टाकून दिला. तिसऱ्यांदा जमली. मग वर्णन. कोडपेक्षा त्याला जास्त वेळ लागला. पहिल्या खर्ड्यात मी 'खोटी नोंद' असं लिहिलं होतं. ते खोडलं. दुसऱ्यात इतकं मोघम झालं की मीच ते परत पाठवलं असतं. शेवटी हे:

'नदीवर पाणी पाहायला एकच माणूस असतो आणि त्याच्या बदली कुणी नसतं. काही सकाळी तो तिथे असू शकत नाही. तक्त्यात रिकामी चौकट चालत नाही, म्हणून तो आदल्या दिवसाचा आकडा भरतो. ही त्या माणसाची चूक नाही, तक्त्याची आहे. या दुरुस्तीनं "पाहिलं नाही" असं भरता येईल. शिवाय पावसाळ्यात वरच्या घाटावरचं पाणी हललं असताना खालचा आकडा सेंटिमीटरपर्यंत तोच राहिला, तर तो न पाहिलेला धरला जाईल. उन्हाळ्यात ही तपासणी बंद राहते. सहा पावसाळ्यांच्या नोंदींवर तपासलं आहे. जिथे वरच्या अंगाला दुसरा घाटच नाही, तिथे हे चालणार नाही. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.'

बावीस तारखेला पाठवलं. तेवीसला टोमासचं उत्तर आलं. दुरुस्ती त्यानं घेतली होती. 'ओघसाठी आजवर आलेलं सर्वांत चांगलं वर्णन. नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवणार आहे. कोणत्या घाटांवर तपासलं?'

मी लिहिलं, 'ते सांगता येणार नाही.'

'कागदपत्रांतली अडचण?'

'माणसांची.'

एक तासानं त्यानं पुन्हा लिहिलं. हुशार माणूस. 'साक्षी, गुलाबच्या अकरा ओळी याचसाठी होत्या का?'

मी उठले. आईच्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले. 'हो' लिहिलं असतं तर टोमासनं ते वर्णनात घातलं असतं, चांगल्या मनानं, श्रेय म्हणून. गुलाबनं हे आमच्या आधी ओळखलं होतं, असं. मला ते वाचायचं होतं. किती वाचायचं होतं ते सांगता येत नाही. 'नाही' असं लिहिलं असतं तर ते खोटं होतं, आणि बाबांबद्दल खोटं. तो दिवस उत्तर न देता गेला. दुसऱ्या दिवशी, चोवीसला, सकाळी मी लिहिलं, 'त्यांनी कारण लिहिलेलं नाही. त्या ओळी तुम्ही काढू शकता. माझी हरकत नाही.'

दुपारी त्यानं काढून टाकण्याची दुरुस्ती माझ्याकडे पाहायला पाठवली. अकरा ओळी, प्रत्येकीच्या पुढे वजाची खूण. वर त्याचं वर्णन: 'चार घाटांचे ठरावीक वारचे आकडे वगळणाऱ्या ओळी काढल्या. त्यांना काही कारण नव्हतं. लेखक हयात नाहीत.'

वाचून मी ताबडतोब लिहिलं, 'दुसरं वाक्य बदला. कारण नोंदवलेलं नाही, असं लिहा.'

'फरक काय?' टोमासनं विचारलं.

'फरक आहे. वर्णनात आपल्याला माहीत आहे तेवढंच लिहायचं असतं. कारण नव्हतं हे तुम्हाला माहीत नाही.'

 मग सुधारलेलं आलं. 'कारण नोंदवलेलं नाही.' खाली त्यानं एक ओळ माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. घरच्या कुणीतरी पाहून मान्य केलं, अशी नोंद असावी असं त्याला वाटत होतं. पूर्ण नाव लिहा, म्हणाला.

आई दारात उभी होती. "झालं?"

"झालं."

"बाबाचं नाव हाये का त्यात?"

मी मान्य करणाऱ्याच्या ओळीत लिहिलं, साक्षी गुलाब दुर्गे, आणि पाठवून दिलं. "आहे," मी म्हणाले.